हजाराचा भत्ता की ईसीएचएसचं कार्ड?

प्रश्न : माझे मालक १९९४ साली मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून पेन्शनवर आले. ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, साताऱ्याचं पॉलिक्लिनिक लांब, तिथं कोण हेलपाटे घालणार, म्हणून त्यांनी कार्ड काढलंच नाही. महिन्याचा वैद्यकीय भत्ता घेत राहिले. आता ते नाहीत. मला फॅमिली पेन्शन आणि भत्ता मिळतो. डॉक्टरांनी दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन सांगितलंय. आता कार्ड निघेल का? किती भरावे लागतील?
– एक वाचक, ता. माण

उत्तर : वहिनी, निघेल. आणि वर्गणी भरायची नाही. योजना १ एप्रिल २००३ ला सुरू झाली. १ जानेवारी १९९६ च्या आधी निवृत्त झालेल्यांना वर्गणी माफ आहे. हल्लीच्या हवालदाराला ३० हजार द्यावे लागतात.

भत्ता मात्र सोडावा लागेल. दोन्ही एकदम मिळत नाही. पेन्शन जिथून येते तिथे तो बंद करण्याचा अर्ज द्या. महिन्याचे हजार रुपये जातील म्हणून बायका कचरतात. मी मेडिकल कोअरमध्ये नोकरी केली, नंतर पॉलिक्लिनिकमध्येही बसलो. हजारात बीपी-शुगरच्या गोळ्या निघतात, गुडघे नाही. तुमच्या मालकांना तेव्हा काही दुखत नव्हतं, त्यांचा हिशेब त्यांच्यापुरता बरोबर होता.

खरी अडचण नावाची. पेन्शनच्या कागदावर, म्हणजे पीपीओवर, ‘कमल’ आणि आधारवर ‘कमलाबाई’, किंवा जन्मतारीख तिसरीच. भरतीनंतर लग्न झालं, युनिटच्या क्लार्कनं ऐकलं तसं लिहिलं आणि तीस-चाळीस वर्षं कोणी उघडून पाहिलं नाही. अर्ज ऑनलाइन असतो, तो अशाच ठिकाणी अडतो. म्हणून आधी डिस्चार्ज बुक, पीपीओ, आधार आणि मालकांचा मृत्यूचा दाखला शेजारी-शेजारी ठेवा आणि नाव अक्षर न अक्षर ताडून बघा. फरक असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून रेकॉर्ड ऑफिसला पत्र जाऊ द्या. साताऱ्याला जाणं जमत नसेल तर कल्याण संघटक तालुक्याला कधी येतात ते फोनवर विचारा. एजंटाला पैसे देऊ नका. हे लोक हल्ली फार झालेत.

ऑपरेशनची घाई करू नका. अर्ज करण्याआधी खाजगीत करून घेतलंत तर ते बिल योजनेत बसणार नाही. अर्ज मान्य झाला की तात्पुरती पावती मिळते, त्यावरही उपचार होतात. मग पॉलिक्लिनिकच्या डॉक्टरांकडून रेफरल, म्हणजे मोठ्या रुग्णालयासाठीची चिठ्ठी, घ्यायचं आणि योजनेच्या यादीतल्या रुग्णालयात जायचं. तिथं रोख मागत नाहीत. जुने एक्स-रे बरोबर न्या.

रात्री-अपरात्री छातीत दुखलं तर रेफरलसाठी थांबायचं नाही, जवळच्या दवाखान्यात जायचं. तो यादीत नसेल तर बिल आधी तुम्हाला भरावं लागेल आणि ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवावं लागेल. परतावा सरकारी दरानं मिळतो, बिलाइतका नाही. त्यामुळे कार्ड आलं की माणच्या जवळ यादीतलं कोणतं रुग्णालय आहे, हे पॉलिक्लिनिकमध्ये विचारून ठेवा आणि तो नंबर मुलाच्या फोनमध्ये घाला.