उत्तर: अली आणि एम्मीला लोक खरंच स्वीकारतात का?

तुम्ही विचारलंय की ‘अली: फिअर ईट्स द सोल’ हा १९७४चा जर्मन चित्रपट आई-बाबांसोबत बघण्यासारखा आहे का, आणि उत्तरार्धात सगळे त्या जोडप्याला स्वीकारतात तरी तो उदास का होत जातो. (एम्मी म्हणजे म्युनिकमधली साठीची जर्मन विधवा, साफसफाईची कामं करणारी; अली तिच्याशी लग्न करणारा मोरोक्कोचा कामगार.) पहिल्याचं उत्तर शेवटी देते. दुसरा प्रश्न वाचून मात्र राहवलं नाही.

स्वीकारतात कुठे? किराणावाल्याला गिऱ्हाईक हातचं जायला नकोय. शेजारणीला तळघरात सामान ठेवायला जागा हवीय. एम्मीच्या ज्या मुलाने लग्नाचं ऐकून लाथेने टीव्ही फोडला तो टीव्हीचे पैसे देतो, माफी मागतो आणि लगेच पोर सांभाळशील का म्हणून विचारतो. दिग्दर्शक फासबिंडरने हे इतकं सरळ दाखवलंय की सुटायला नको.

आमच्या घरातलंच सांगते. माझी मावशी विधवा. ओळखीपाळखीत चादरी-टॉवेल विकायची, माल सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका यंत्रमाग कारखान्यातून आणायची. तिथल्या जॉबरशी, म्हणजे मागांवर देखरेख करणाऱ्याशी, ओळख झाली. विणकर पद्मशाली समाजातले, घरात तेलुगू, बायको वारलेली; आम्ही त्यांना काका म्हणतो. साठीच्या आसपास दोघांनी नोंदणी करून लग्न केलं. आमच्या सोलापुरात एकाच रिक्षात मराठी, कन्नड, तेलुगू कानावर पडतं, पद्मशालींच्या मार्कंडेयाचा रथ निघाला की आम्ही सगळे बघायला जातो. पण मावसभाऊ लग्नाला आला नाही. ‘या वयात शोभतं का’ एवढंच म्हणाला.

पुढे वहिनीला नोकरी लागली आणि पोराला सांभाळायला आजी आठवली. नातलगांना आहेराच्या चादरी काकांच्या ओळखीने कारखान्याच्या भावात मिळायला लागल्या. घर माणसांनी भरलं.

आणि मावशी बदलली. काकांना भातासोबत पच्ची पुलुसू लागतं: चिंच कोळायची, कांदा-हिरवी मिरची बारीक चिरून घालायची, उकळायचं नाही. आधी ती हौसेनं करायची. मग पाहुणे असले की ‘आज नको हो, आपल्यात कुणी खात नाही’ म्हणून कडक भाकरी आणि शेंगाचटणी. काका गपचूप साखर पेठेत बहिणीकडे जेवून यायचे. चित्रपटात एम्मी कुसकुस हा अलीच्या देशातला पदार्थ करायला नाही म्हणते आणि अली ते खायला बारवाल्या बाईकडे जातो, तिथे मी चित्रपट थांबवला होता. तीच एम्मी कामावरच्या बायकांना अलीचे दंड दाबून बघायला लावते. आमच्याकडे एका बारशात मावसभाऊ म्हणाला, ‘काका, जरा तेलुगूत बोलून दाखवा की.’ सगळे हसले, मावशीसुद्धा. काकांनी चहाचा कप खाली ठेवला, चपला घातल्या आणि निघून गेले.

मावसभाऊ आजही चारचौघांत सांगतो, ‘आम्ही मोठ्या मनानं माफ केलं.’ कसली माफी? तिने गुन्हा काय केला होता? पोर सांभाळायला बाई मिळाली असती तर हे मोठं मन दिसलं असतं का, हे मी त्याला तोंडावर विचारलंय. उत्तर आलेलं नाही.

म्हणून चित्रपट उदास आहे. जर्मनीने १९६३मध्ये मोरोक्कोशी करार करून कामगार बोलावले. आमचे मागही तेलंगणातून आलेल्या विणकरांनी चालवले. दोन्हीकडे माणूस कामाला हवा होता, जावई म्हणून नको होता. शेवटी अलीच्या पोटातला व्रण फुटतो, तेव्हा डॉक्टर सांगतो की परदेशी कामगारांत हे नेहमीचंच आहे. लोक गोड वागायला लागल्यावरही पोट सुधारलेलं नाही, हे लक्षात घ्या.

अर्थात म्युनिकमध्ये अलीने सोसलं तेच काकांनी सोसलं असं मी म्हणत नाही. काका सोलापुरातच जन्मले, शहर त्यांचंच आहे. अली एम्मीपेक्षा बराच लहान आहे, तसंही इथे नव्हतं. आणि मावशी-काकांचं आता बरं चाललंय, पच्ची पुलुसू पुन्हा होतं.

आई-बाबांसोबत बघा, दीड तासाचाच आहे. एखाद-दुसरं उघडं दृश्य आहे, तेव्हा अवघडायला होईल. भावंडांनाही बसवा, कारण हा चित्रपट म्हाताऱ्यांपेक्षा त्यांच्या मुलांनी बघायचा आहे. मावसभावाला मी कधीचं सांगून ठेवलंय, तो वेळ नाही म्हणतो.