सिगारेट सोडली तरी सीओपीडीत फुप्फुसाची सूज का राहते?

सीओपीडी म्हणजे फुप्फुसातून हवा नीट बाहेर न पडण्याचा दीर्घकाळचा आजार; त्यात धूर बंद झाला तरी सूज का जात नाही असं विचारलंय, तर तोपर्यंत ती सूज आपल्याच रोगप्रतिकारक पेशी चालू ठेवायला लागलेल्या असतात. फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्यांमध्ये मॅक्रोफेज नावाच्या पेशी असतात, काम साफसफाईचं, पण वर्षानुवर्षं धूर गिळून त्या बिथरतात आणि आयएल-८ सारखे केमिकल सिग्नल सोडतात, मग रक्तातून न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी धावत येतात. खरा घोळ इथे होतो. न्यूट्रोफिलमधलं इलास्टेज नावाचं एन्झाइम पिशव्यांच्या भिंतीतलं इलास्टिन कुरतडतं, म्हणजे ज्याच्यामुळे फुप्फुस रबरासारखं परत आकसतं तेच, मग भिंती तुटून बारक्या पिशव्यांची एक मोठी सैल पिशवी होते, हवा आत अडकते आणि माणसाला श्वास पूर्ण सोडताच येत नाही. त्यात तुटलेल्या इलास्टिनचे तुकडे अजून मॅक्रोफेज ओढून आणतात, की चक्र चालूच. सीडी८ टी पेशी नावाच्या आणखी एका प्रकारच्या रोगप्रतिकारक पेशीही यात असतात.

रक्तात इओसिनोफिल नावाच्या दुसऱ्या पांढऱ्या पेशी जास्त असतील तर इनहेलरमधल्या स्टिरॉइडचा फायदा जास्त होतो, न्यूट्रोफिलवाल्या सुजेत तेवढा नाही, म्हणून सीबीसी (रक्तपेशी मोजण्याची तपासणी) रिपोर्टमधला इओसिनोफिलचा आकडा डॉक्टरांना नक्की दाखवा. आणि सिगारेट सोडलीत ते फार चांगलं केलंत, त्याने फुप्फुसाची घसरण खरंच मंदावते.