सायलेन्सर पोकळ केल्याने गाडीची पॉवर वाढते का?

प्रश्न : सर, माझ्याकडे फोक्सवॅगन व्हर्टस जीटी आहे, १.५ टीएसआय टर्बो पेट्रोल, डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची. एका गॅरेजवाल्याने सांगितलं की मागचा सायलेन्सर काढून सरळ पाईप टाकला की १५-२० पीएस पॉवर वाढते. मित्राने त्याच्या गाडीला केलंय, तो म्हणतो यवतेश्वरचा घाट आता गाडी बुंगाट चढते. करून घेऊ का?
– एक वाचक, शाहूपुरी, सातारा

उत्तर : दादा, पॉवरसाठी करत असाल तर नका करू. नुसत्या मागच्या सायलेन्सरने २-३ पीएस वाढले तरी पुष्कळ झाले, आणि तेवढे सीटवर बसून कळतपण नाहीत.

आता का ते सांगतो. टर्बो गाडीत इंजिनातून निघालेला गॅस आधी टर्बोच्या पंख्यावर आदळतो, त्या पंख्याच्या दांड्यावरच दुसरा पंखा असतो, तो बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. पहिला पंखा किती जोरात फिरणार हे त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या प्रेशरमध्ये किती फरक आहे त्यावर असतं. म्हणजे टर्बोच्या पुढची वाट मोकळी असलेली चांगलीच, इथपर्यंत गॅरेजवाल्याचं बरोबर आहे. पण अडथळा नेमका कुठाय? तो टर्बोला चिकटून बसवलेल्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, त्याच्या बारीक जाळीत. बंपरखालच्या डब्यापर्यंत गॅस येतो तोपर्यंत तो बराच थंड होऊन आकसलेला असतो, तिथे फार काही अडत नाही. कोणी हेडर्स, म्हणजे सिलेंडरमधून गॅस बाहेर आणणारे पाईप, बदलायचं सुचवलं तर तेही शक्य नाही, कारण तुमच्या गाडीच्या ईए२११ इंजिनात ते पाईप (एक्झॉस्ट मॅनिफोल्ड) सिलेंडर हेडमध्येच आहेत, खोलून काढायला वेगळा पार्टच नाही.

दुसरं म्हणजे ईसीयू, इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर. तुमच्या गाडीला १६०० ते ३५०० आरपीएम सपाट २५० एनएम टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, मिळतो, तो ईसीयूने तिथेच धरून ठेवलेला असतो. पाईप मोकळा केला की टर्बो जरा लवकर भरेल, पण ठरलेला बूस्ट, म्हणजे टर्बोने भरलेल्या हवेचा दाब, आला की ईसीयू वेस्टगेट नावाची झडप उघडून जास्तीचा गॅस बाजूने सोडून देणार, म्हणजे खर्च करून हाती काही नाही. खरी पॉवर हवी असेल तर रिमॅप करावा लागतो, म्हणजे ईसीयूचं प्रोग्रॅमिंग बदलावं लागतं, टर्बोला लागून असलेल्या मोकळ्या पाईपचा (डाउनपाईप) फायदा तेव्हा दिसतो. पण तुमचा डीएसजी म्हणजे डीक्यू२००, कोरड्या क्लचचा, आणि त्याची कंपनीने दिलेली क्षमताच २५० एनएम आहे, म्हणजे तुम्ही शोरूममधून निघालात तेव्हाच काठावर आहात. रिमॅप करून टॉर्क वाढवला की त्याचा मार क्लचवर जातो, वॉरंटी नाकारली जाते, आणि मग गिअरबॉक्सचं बिल बघून झोप उडते. हे आधी कोणी सांगत नाही म्हणून मला राग येतो.

अजून एक गोष्ट या इंजिनाचीच आहे. हलक्या पायाने चालवताना चारपैकी दोन सिलेंडर बंद होतात. २००० आरपीएमला चार सिलेंडर चालू असताना सायलेन्सरमध्ये गॅसचे सेकंदाला साधारण ६७ ठोके जातात, दोनवर आली की ३३. हा घुमणारा जाडा आवाज दाबायचं काम कंपनीचा सायलेन्सर करतो. तो काढला की पुण्याहून येताना खंबाटकी उतरून निवांत एका स्पीडला लागलात की केबिनमध्ये घूं घूं सुरू होणार आणि घरचे वैतागणार.

मित्र खोटं बोलत नसेल, आवाज वाढला की आपल्याला गाडी जोरात पळतेय असंच वाटतं, मलाही वाटतं. त्याला म्हणावं सपाट मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ४० ते ८० ला किती सेकंद लागतात ते जीपीएसवर मोजून बघ, जाताना आणि येताना दोन्ही, शक्यतो सकाळच्या गारव्यात, आणि जुना सायलेन्सर परत लावून त्याच रस्त्यावर पुन्हा.

प्रश्न : माझी जुनी होंडा सिटी आहे, १.५ आय-व्हीटेक. जाड पाईप टाकला आणि खालचा पिकअपच गेला. इंजिनाला बॅक प्रेशर लागतंच म्हणतात ते खरं का?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : नाही हो, बॅक प्रेशर, म्हणजे बाहेर जाणाऱ्या गॅसला पाईपमध्ये होणारा अडथळा, कुठल्याच इंजिनाला नको असतं, त्याला हवा असतो गॅसचा वेग. बिनटर्बोच्या गाडीत एका सिलेंडरचा गॅस वेगाने निघाला की त्याच्या मागे दाब कमी होतो आणि त्या ओढीने उरलेला धूर बाहेर खेचला जातो, नवीन हवाही नीट आत शिरते. पाईप जाड झाला की कमी आरपीएमला गॅस रेंगाळतो, ही ओढ राहत नाही, म्हणून तुमचा पिकअप गेला. वर ५-६ हजार आरपीएमला कदाचित थोडा फायदा असेल, पण सांगली-मिरज रोडला तिथे सुई जाते कधी? मूळ मापाचा पाईप परत टाका, पैसे प्लग आणि एअर फिल्टरला लावा.

आणि एक हिशोब सांगतो. बिनटर्बोचं इंजिन दर १०० मीटर उंचीला साधारण १ टक्का पॉवर गमावतं. सांगलीहून महाबळेश्वरला गेलात की ८०० मीटर चढता, म्हणजे सिटीच्या ११९ पीएसमधले ९ च्या आसपास हवेतच जातात. सायलेन्सर बदलून मिळतात ते याच्यापेक्षा कमीच.

प्रश्न : मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरला दंड किती?
– एक वाचक, कराड

उत्तर : मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० मधल्या पोटकलम २ प्रमाणे पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय लायसन्स ३ महिने अपात्र. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढलेली गाडीही यातच येते, कारण धुराचा नियमही याच कलमात आहे. मूळ सायलेन्सर भंगारात दिला नसेल तर या रविवारी परत बसवून घ्या.