अमेरिकेत पहिलंच पिस्तूल म्हणून ‘१९११’ मॉडेल घ्यायचंय, पण बजेट कमी आहे. कोणतं घेऊ?

टिसास कंपनीचं घ्या. तुर्कस्तानात बनतं, पण रचना १९११ च्या मूळ रचनाकाराची, जॉन ब्राउनिंगचीच. फिलिपिन्सचं रॉक आयलंडही वाईट नाही, फक्त त्याची फ्रेम (सांगाडा) ओतीव असते, टिसासची फोर्ज केलेली, म्हणजे दाबून-ठोकून घडवलेली. नळी पाच इंचीच बघा. आखूड नळीची १९११ जास्त नखरे करतात. दुकानात मूठ नीट धरून पाहा: मागची ग्रिप सेफ्टी तळव्याने पूर्ण दाबली गेली नाही तर ट्रिगर हलणारच नाही. गोळी अडकली की लोक पिस्तुलाला शिव्या घालतात, दोष बऱ्याचदा मॅगझिनचा, म्हणजे गोळ्या भरायच्या पेटीचा असतो. दोन चांगली मॅगझिन जादा घ्या. १९११ च्या .४५ कॅलिबरच्या गोळ्या महाग पडतात, शौक सांभाळून! आणि हो, एच-वन-बी व्हिसावर असाल तर शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद सोडता खरेदी करता येत नाही. ग्रीन कार्डवर येते.