मिनिएचर गेमच्या नियमपुस्तकाच्या मागच्या कव्हरवर काय लिहावं, म्हणजे तो विकला जाईल?

दोन वर्षं खपून मिनिएचर गेम, म्हणजे टेबलावर सैनिकांच्या छोट्या फिगर मांडून लढाई लढायचा खेळ, बनवलाय, छपाई महिन्यावर आलीये आणि मागचं कव्हर अजून ठरत नाहीये, असं तुम्ही लिहिलंय. सोबत दिलेला कच्चा मजकूर 'हजारो वर्षांपूर्वी'पासून सुरू होतो. तेवढं वाचलं आणि उत्तर लिहायला बसले, कारण नेमक्या याच गोष्टीवरून माझं आणि माझ्या धाकट्या दिरांचं तीन वर्षं वाजतंय.

आधी थेट सांगते. मागच्या कव्हरवर तुमच्या जगाचा इतिहास लिहू नका. खेळताना हात जिथे अडतो, ती एक जागा लिहा.

भावजी लेस्टरला राहतात, आम्ही नॉटिंगहॅमला. या छंदातल्या माणसाला नॉटिंगहॅम काय आहे ते सांगायला नको. वॉरहॅमर हा या छंदातला प्रसिद्ध गेम काढणारे इथलेच, आणि आसपास फिगर ओतणारे छोटे-मोठे इतके आहेत की या पट्ट्याला 'लेड बेल्ट', म्हणजे शिशाचा पट्टा, म्हणतात. भावजींनी मराठवाड्यातल्या असईच्या लढाईवर २८ मिमी उंचीच्या फिगरचा गेम केला. २३ सप्टेंबर १८०३. एकीकडे शिंदे आणि नागपूरकर भोसले, दुसरीकडे इंग्रजांचा सेनापती, पुढे वॉटर्लू जिंकणारा वेलस्ली. माझं माहेर भोकरदनकडचं. ज्या केळणा आणि जुईच्या बेचक्यात ही लढाई झाली, त्या नद्या मी भरलेल्याही पाहिल्यात आणि कोरड्याही. त्यामुळे नियम तपासायला मराठ्यांच्या बाजूने कायम मीच बसायचे.

त्यात एक नियम आहे तोफखान्याचा. असईला इंग्रजांची ओळ संगिनी रोखून शिंद्यांच्या तोफांवरून पुढे गेली, तेव्हा काही गोलंदाज तोफांशेजारी मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिले. ओळ पुढे सरकल्यावर ते उठले, तोफा फिरवल्या आणि इंग्रजांच्या पाठीत गोळे घातले. वेलस्लीला स्वतः मागे फिरून, ७८वी हायलँडर्स ही स्कॉटिश पलटण आणि घोडदळाची एक रेजिमेंट घेऊन त्या तोफा पुन्हा जिंकाव्या लागल्या. भावजींनी हे फार सुंदर बसवलंय. तोफेशेजारी एक चकती पालथी ठेवायची. गोलंदाज मेलेत की पडून आहेत, हे फक्त तुम्हाला ठाऊक. दर पाळीला ठरवायचं, उठायचं की थांबायचं. लवकर उठलात तर इंग्रज जवळच असतात, वळून कापून काढतात. फार थांबलात तर तोवर पुढचा कंपू, म्हणजे शिंद्यांची कवायती पलटणींची फौज, मोडलेला असतो आणि तोफ फिरवून उपयोग नसतो.

पहिल्यांदा खेळले त्या रात्री त्या चकतीवर बोट ठेवून मी किती वेळ बसले होते कोण जाणे. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, भाताचा पार गोळा झाला. उठवलं नाही मी त्यांना. पुढच्याच पाळीत उठवायला हवं होतं, ते मला अजून आठवतं.

मागच्या कव्हरचा विषय निघाला तेव्हा मी चार ओळी लिहून दिल्या. मूळ इंग्रजीत होत्या, इथे मराठीत देते:

'तुमचे गोलंदाज तोफांशेजारी पडून आहेत. इंग्रज त्यांना मेलेले समजून ओलांडून गेलेत. पन्नास पावलं. साठ पावलं. पुढे तुमचा कंपू खचत चाललाय. उठायचा हुकूम आत्ता देणार, की अजून थांबणार?'

भावजींनी वाचलं आणि म्हणाले, "वहिनी, हे चहाचं खोकं नाही."

मी ११ वर्षं पॅकेजिंगमध्ये आहे. चहा, मसाले, बिस्किटं यांच्या पुड्यांवरचा मजकूर लिहिते. ते वाक्य मला लागलं, आणि का लागलं तेही सांगते. दुकानात पुडा उलटा करून बघणारा माणूस काय शोधत असतो, हे मला रोज बघावं लागतं. तो 'हे घरी नेल्यावर माझं काय होणार' एवढंच शोधतो. चहा असो की लढाई.

छापलं गेलं ते भावजींचंच. पहिल्या सहा ओळींत १८०२ चा वसईचा तह, पेशव्यांचं इंग्रजांकडे जाणं, शिंदे-होळकरांचं वैर. खेळणारा माणूस सातव्या ओळीत येतो, तोही 'दोन ते चार खेळाडूंसाठी' एवढाच.

मग आम्ही लंडनला सॅल्यूटला टेबल लावलं. एक्सेल या तिथल्या प्रदर्शन केंद्रात वॉरगेमिंगचं, म्हणजे असल्या लढाईच्या खेळांचं, हे मोठं प्रदर्शन भरतं. पुस्तकाच्या ६० प्रती नेल्या होत्या. साठीचे एक गृहस्थ आले, मुखपृष्ठावरचा तोफखाना बघून खुलले, पुस्तक उलटं केलं. अंगठा मजकुरावरून खाली सरकत गेला आणि मध्येच थांबला. पुस्तक त्यांनी ठेवून दिलं. दुपारपर्यंत असं किती जणांनी केलं ते मी बघत होते. चार प्रती गेल्या होत्या. मी एका पुठ्ठ्यावर माझ्या त्या चार ओळी मार्करने लिहिल्या आणि टेबलावर, तिथे मांडलेल्या केळणेच्या कडेला उभ्या केल्या. तेच गृहस्थ परत फिरताना थांबले, वाचलं आणि विचारलं, "म्हणजे मी लवकर उठवलं तर गमावू शकतो?" हो म्हटलं. त्यांनी पाकीट काढलं. संध्याकाळी २३ प्रती उरल्या होत्या.

भावजी म्हणतात दुपारनंतर गर्दीच वाढते. वाढते, खरं आहे. पण पुठ्ठा वाचून माणसं काय विचारत होती ते त्यांनीही ऐकलंय.

त्यांची बाजूही मांडते, कारण ती खोटी नाही. इंग्लंडमध्ये असई म्हणजे वेलस्लीचा विजय, एवढंच लोकांना माहीत असतं. भावजींना वाटतं, आपली माणसं कोण होती, कशासाठी लढली, हे कव्हरवर आलंच पाहिजे, नाहीतर आपण नुसते हरणाऱ्या बाजूच्या फिगर. मला ते पटतं. पण तो मान वसईच्या तहाने मिळत नाही. सगळी पलटण मागे हटत असताना जो गोलंदाज श्वास रोखून तोफेशी पडून राहिला, त्याच्या जागी परक्या माणसाला बसवलं की मिळतो. त्या गृहस्थांनी पाकीट काढताना वेलस्लीचं नावही घेतलं नाही.

बाकीचं भराभर. एका बाजूला किती फिगर लागतील तो आकडा ठळक छापा, कारण फिगर रंगवण्यात कितीतरी संध्याकाळी खर्च होतात आणि घेणारा तेच मोजत असतो. त्याच्या जुन्या फिगर चालतील का, बेस, म्हणजे फिगरखालच्या बैठकी, बदलावे लागतील का, हे लिहा. बेस बदलायचे म्हटलं की माणूस पुस्तक ठेवून देतो. टेबल किती फुटांचं आणि डाव किती वेळाचा, तेही. 'रोमांचक' आणि 'अचूक' हे शब्द काढा. खोकं भारतात विकणार असाल तर एमआरपी, पत्ता, महिना-वर्ष यांना जागा आधी सोडा, आणि १४ वर्षांखालच्या मुलांचं खेळणं म्हणून विकलंत तर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय खूण लागते. वयाचा आकडा विचार करून टाका.

हे सगळं टेबलावर, दुकानात हाताळून घेणाऱ्यांसाठी. तुम्ही फक्त ऑनलाइन विकणार असाल तर मागचं कव्हर फार थोडे लोक बघतील, तिथे फोटो जास्त काम करतात. आणि एखाद्या काल्पनिक जगाच्या मालिकेचं पाचवं पुस्तक असेल, तर वाचक तो इतिहास वाचायलाच येतो. तिथे माझं ऐकू नका.

आमची दुसरी आवृत्ती यंदा निघतेय. कालच प्रूफ आलं. वसईचा तह दुसऱ्या परिच्छेदात गेलाय आणि वरची चार ओळींची जागा भावजींनी मोकळी सोडलीये.

तुमच्या मजकुरात शेवटून दुसऱ्या ओळीत एक पूल आहे. तो लगेच तोडायचा, की आपली मागे राहिलेली तुकडी येईपर्यंत थांबायचं, असं तुम्ही सहज लिहून गेलाय. तो पूल सगळ्यात वर घ्या.