पडवीला पडवीच म्हणा

प्रश्न : बाई, नमस्कार. गुहागर तालुक्यात आमचं जांभ्याचं कौलारू घर आहे. यंदा दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने वेबसाइटसाठी मजकूर पाठवलाय : ‘निसर्गाच्या कुशीत, गजबजाटापासून दूर, एक अविस्मरणीय स्टेकेशन. ग्लॅम्पिंग व वर्केशनचीही उत्तम सोय.’ पडवीचं त्याने ‘सी-ब्रीझ लाउंज’ केलंय. वाचायला छान वाटतं, पण हे आमचंच घर का, असं मनात येतं. तो म्हणतो, आजकाल असंच लिहितात. काय करू?

उत्तर : ताई, तुमच्या मनात आलं ते अगदी बरोबर आहे. ‘निसर्गाच्या कुशीत’ हे दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठल्याही खोलीला चिकटवता येईल.

आधी इंग्रजी शब्दांचं बघू. नव्या शब्दाचं मला वावडं नाही, पण तो काय सांगतो ते माहीत हवं. स्टे आणि व्हेकेशन जोडून स्टेकेशन झालं, म्हणजे सुट्टी घरी राहून किंवा आपल्याच गावात काढणं. घाट उतरून, अर्धा दिवस गाडीत बसून तुमच्या दारात येणारा पुणेकर कसलं स्टेकेशन करतोय? ग्लॅम्पिंग म्हणजे गादी-दिव्यांसकट थाटाचा तंबू. तुमच्याकडे तर चांगल्या चिऱ्याच्या भिंती आहेत! वर्केशन मात्र ठेवा. कॉम्प्युटर घेऊन येणारी, सकाळी काम आणि संध्याकाळी समुद्र करणारी माणसं खरंच असतात. पण लगेच पुढच्या ओळीत त्यांच्या कामाचं सांगा : इंटरनेटचा वेग किती, कुठल्या कंपनीची रेंज घरात येते आणि कुठली फक्त अंगणात, पावसात वीज गेली तर इन्व्हर्टर किती तास टिकतो.

आता ‘अविस्मरणीय’. लोक वेबसाइट कशी वाचतात, याचा अभ्यास करणाऱ्या जेकब नीलसन आणि जॉन मोर्क्स यांनी १९९७ साली एक प्रयोग केला. विषय तुमच्याच धंद्यातला, पर्यटन. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याची माहिती त्यांनी पाच तऱ्हांनी लिहून लोकांना वापरायला दिली. पहिली तऱ्हा जाहिरातीची. दुसरीत शब्द निम्मे केले, तर मजकूर वापरायला ५८ टक्के सोपा ठरला. एकीत फक्त बढाई काढली, बाकी काही नाही, तरी २७ टक्क्यांचा फरक पडला. शब्द कमी, बढाई नाही आणि नजर फिरवताच सापडेल अशी मांडणी, हे तिन्ही एकत्र केल्यावर १२४ टक्के. बढाई वाचताना माणसाचं डोकं खरं किती, फुगवलेलं किती हे निवडण्यात अडकतं, असं त्यांना दिसलं. मासे घेताना कोळीण फारच वाखाणायला लागली की आपण आधी कल्ला उघडून बघतो, तसंच हे.

मला हे स्वतःला भोवलंय, म्हणून जरा सविस्तर सांगते. काही वर्षांपूर्वी आईला घेऊन मी आपल्याच किनाऱ्यावर एका ठिकाणी गेले. ‘समुद्राला अगदी लागून’ असं लिहिलं होतं, आणि होतंही तसंच. पण खोलीपासून वाळूपर्यंत उतरायला पाखाडी. मी मोजल्या, ८२ पायऱ्या. आईचे गुडघे दुखरे. तीन दिवस ती वरच खुर्ची टाकून बसली. निघताना म्हणाली, “पाय तरी बुडवायचे होते गं.” पायऱ्यांचा तेवढा आकडा लिहिला असता, तर मी तिला दुसरीकडे नेलं असतं. नंतर तिला समुद्रावर नेणं झालं नाही.

म्हणून ताई, आकडे लिहा. खोल्या तळमजल्यावर की माडीवर, न्हाणीघर खोलीला जोडून की परसात, समुद्र चालत किती मिनिटं, वाटेत पायऱ्या किती. जेवणात मासे देत असाल तर हेही लिहा की १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा खाडीतलं मिळेल ते नाहीतर सुकं. त्या दोन महिन्यांत येणाऱ्याची निराशा होण्यापेक्षा आधीच कळलेलं बरं.

आणि पडवीला पडवीच म्हणा. नागपूरच्या पाहुण्याला कळेल का, ही शंका असेल तर तिथल्या तिथे सांगा : ‘पडवी, म्हणजे घराला लागून उतरत्या छपराची मोकळी जागा. सकाळचा चहा इथेच.’ पाखाडी, आगर, मांगर या शब्दांनाही अशीच एकेक ओळ जोडा. लाउंज पाहुण्याने मुंबईतही पाहिलंय.

प्रश्न : आमचा देवगडकडे महिला बचत गट आहे. ‘संकेतस्थळ’ म्हणावं की ‘वेबसाइट’? आणि ‘कोकम आगळ’ शहरी गिऱ्हाइकाला कळत नाही, म्हणून ‘कोकम सिरप’ छापलं तर चालेल?

उत्तर : तुम्ही एकमेकींशी बोलता तेच लिहा, वेबसाइट. घडवलेले शब्द रुजत नाहीत असं मात्र नाही. सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते, भाषाशुद्धीचा त्यांनी ध्यासच घेतला होता. त्यांचे ‘महापौर’ आणि ‘दिनांक’ आज कुणाला घडवलेले वाटतही नाहीत. दुसरीकडे चावी, पगार, काजू हे पोर्तुगीजांकडून आलेले शब्दही आपलेच झाले. ‘संकेतस्थळ’ कुणी लिहिलं तर चूक नाही, तुमच्या गटात ते तोंडी बसलेलं नाही एवढंच.

सिरप मात्र छापू नका. सिरप म्हटलं की गिऱ्हाईक साखर धरून चालणार, पाण्यात ओतून पाहुण्यांना देणार, आणि पहिल्याच घोटाला तोंड खारट. मग बाटली परत. लेबलावर मोठ्या अक्षरात ‘कोकम आगळ’ आणि खाली : ‘मीठ घातलेला कोकमाचा रस. साखर नाही. सोलकढीसाठी.’ किती आगळाला नारळाचं किती दूध, ते तुमच्या हाताचं प्रमाणही तिथेच छापा.