गावच्या शाळेत चांद्रयान वगैरे मोहिमा शिकवायच्यात, १५ हजारांत कुठलं किट घ्यावं?

किट घेऊच नका. एक सोललेला नारळ, एक सुपारी आणि सुतळी आणा, उरलेल्या पैशात बरी दुर्बीण येईल.

मी देवगड तालुक्यात शाळेवर आहे, अर्धी पोरं मच्छीमारांची. २०२३ मध्ये चांद्रयान-३ उतरलं आणि आठवड्याभरात शहरातली एक संस्था आमच्याकडे आली, प्रोजेक्टर, थर्माकोलचं रॉकेट, टी-शर्ट सगळं घेऊन. नारळी पुनव दोन दिवसांवर, पाऊस धो धो आणि लाइट गेलेली, मग काय, मोबाइलच्या टॉर्चवर भाषण. सातवीतला एक पोरगा उठला आणि म्हणाला, "सर, पुनवेक कित्याक नाय गेले? तेवा पुरो दिसता ना!" संस्थेचे सर हसले. "अरे, यान काय चंद्र दिसतो म्हणून पाठवतात का? बस खाली." सगळा वर्ग हसला. आणि मीपण हसलो, हे मला अजून टोचतं, कारण उत्तर मलाही येत नव्हतं.

दोन रात्री शोधलं तेव्हा कळलं की पोराने नेमकं मर्मावर बोट ठेवलेलं. २३ ऑगस्टला श्रावण शुद्ध सप्तमी होती, आकाशात अर्धा चंद्र. वाढत्या अर्ध्या चंद्रावर उजेड-काळोखाची जी रेघ दिसते ना, तिथे त्या वेळी सकाळ होत असते. विक्रम, म्हणजे चांद्रयानाचा लँडर, उतरला ती जागा त्या रेघेच्या जरा अलीकडे, उजेडात, म्हणजे तिथे नुकताच सूर्य वर आलेला. तिथला दिवस आपल्या साधारण १४ दिवसांचा, लँडर-रोव्हर चालणार सोलरवर, म्हणून सकाळी सकाळी उतरायचं की अख्खा दिवस कामाला मिळतो. पुनवेला गेले असते तर तिथे दिवस कलायला लागलेला असता. मी हे त्याला सांगितलं तर तो शांतपणे म्हणतो, "म्हणजे भांगाक उतरले." (भांग म्हणजे सप्तमी-अष्टमीच्या आसपासची कमी भरती-ओहोटी.) तिथी त्याला भरती-ओहोटीवरून पाठ, आणि आम्ही त्याला स्लाइड दाखवत होतो!

नारळ-सुपारीचं असं, नारळ पृथ्वी, सुपारी चंद्र. सुपारी किती लांब ठेवाल विचारा, पोरं वीतभरावर ठेवतात, पुस्तकातल्या चित्राचा दोष. खरं अंतर पृथ्वीच्या व्यासाच्या ३० पट, म्हणजे नारळापासून साधारण १२ फूट. सूर्याचा अभ्यास करणारं आदित्य-एल१ यान आहे १५ लाख किलोमीटरवर, ते याच मापाने ४५ फुटांच्या आसपास, आणि मंगळ अगदी जवळ आला तरी अर्धा किलोमीटर, म्हणजे आमच्या किनाऱ्यावर जेटीपर्यंत चालत जावं लागतं. ४०० किलोमीटरवरचं अंतराळ स्थानक मात्र नारळाला जवळजवळ चिकटूनच. एवढं पायाखाली घातलं की "यानाला ४० दिवस का लागले" हा प्रश्न पोरं आपणहून विचारतात (झोपाळ्याला दरवेळी जवळ आल्यावर एक धक्का, तशी यान पृथ्वीजवळ आलं की कक्षा वाढवत नेली, तुलनेने छोट्या रॉकेटवर, कमी इंधनात भागवायला).

आमचे हेडमास्तर अजून म्हणतात हे खेळ आहेत, सिलॅबस घ्या. घ्या की! मी कुठे नाही म्हणतोय.

आता खरं सांगायचं तर सगळ्या संस्था तशा नसतात, आणि रॉकेटचे टप्पे सुटे होताना दाखवायला मॉडेल लागतंच, ते तेवढं पुठ्ठ्याचं करा. मी डीएडवाला माणूस, फिजिक्स कच्चं आहे, चुकलो तर सांगा. आणि सुपारी कपाटात कुलपात ठेवा, आमच्या स्टाफरूममध्ये चंद्र दोनदा खाल्ला गेलाय.